ओरिजिनल बरोबर ठेवा

तर झालं असं, की येत्या एप्रिलमध्ये आई आणि अण्णा पहिल्यांदाच जपानला येताहेत. व्हिसा झाला, तिकिटं झाली, थालीपिठाची भाजणी किती किलो आणायची यावर आईशी तीन फोन झाले. सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या रविवारी मी अण्णांना फोनवर सूचनांची यादी वाचून दाखवायला घेतली आणि दुसऱ्याच मुद्द्यावर गाडी अडली.

मुद्दा साधा होता. घराबाहेर पडताना पासपोर्ट खिशात पाहिजे. ओरिजिनल.

"ओरिजिनल?" अण्णा म्हणाले. "अरे, ओरिजिनल कपाटात असतो. खिशात झेरॉक्स. पाहिजे तर लॅमिनेशन करून आणतो."

आता यात अण्णांचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. रेशनकार्ड, सातबारा, माझं दहावीचं मार्कशीट, सगळ्याच्या झेरॉक्स आमच्याकडे डझनाने आणि ओरिजिनल लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात. ओरिजिनल बाहेर काढायचं म्हणजे घरात काहीतरी मोठं घडतंय. ते खिशात घालून भाजी आणायला जायचं ही कल्पनाच त्यांना पटेना. "आणि हरवला तर?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्यालाही माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

पण कायदा आहे. जपानच्या इमिग्रेशन कायद्याच्या २३व्या कलमाप्रमाणे पाहुण्या परदेशी माणसानं पासपोर्ट आणि माझ्यासारख्या इथं राहणाऱ्यानं रेसिडेन्स कार्ड कायम जवळ बाळगायचं, आणि पोलिसानं कामाचा भाग म्हणून मागितलं तर दाखवायचं. पासपोर्ट जवळ नसेल तर एक लाख येनपर्यंत दंड, कार्ड नसेल तर दोन लाखांपर्यंत. सोळा वर्षांखालच्या मुलांना सूट. झेरॉक्सचा उल्लेख कुठेही नाही.

"पण मागतंय कोण?" अण्णांनी विचारलं. "मी काय चोर आहे का?"

या प्रश्नावर मी जरा गप्प झालो. कारण मलाही विचारलंय. गेल्या साडेतीन वर्षांत पाच वेळा.

त्यातला एक प्रसंग सांगतो. शनिवारची संध्याकाळ, मी आणि माझा एक जपानी सहकारी सायकलवरून घरी निघालो होतो. दोघांच्या सायकली साधारण सारख्याच, दोघांच्या बास्केटमध्ये भाजीच्या पिशव्या. चौकात दोन पोलिस उभे होते. "सुमिमासेन" म्हणजे माफ करा, असं अगदी अदबीनं म्हणून त्यांनी मला थांबवलं. इथं प्रत्येक सायकलला नोंदणीचा एक स्टिकर असतो. त्याचा नंबर वायरलेसवरून कळवला. मग कार्ड मागितलं. मग पिशवीत काय आहे ते विचारलं. पिशवीत कोथिंबीर होती. पाच-सात मिनिटांत काम झालं, दोघंही वाकून धन्यवाद म्हणाले. आवाज चढला नाही, कुणी हात लावला नाही. माझा सहकारी तेवढा वेळ शेजारीच उभा होता. त्याच्या सायकलकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. नंतर तोच बिचारा मला तीनदा सॉरी म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? मारलं नाही, लाच मागितली नाही, उलट नमस्कार केला. आपल्याकडे नाकाबंदीला यापेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागतं. मीही स्वतःला पहिल्या दोन वेळी हेच सांगितलं. तिसऱ्या वेळेपासून मात्र मी दाढी रोज करायला लागलो आणि ऑफिसचं ओळखपत्र शर्टाबाहेर लटकवून चालायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं.

इथं कायद्याची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जपानमध्ये रस्त्यात थांबवून चौकशी करण्याचा पोलिसांचा अधिकार १९४८च्या एका कायद्यातून येतो. त्यात म्हटलंय, की माणसाच्या वागण्यावरून किंवा आजूबाजूच्या परिस्थितीवरून सयुक्तिक संशय यायला हवा, आणि उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. म्हणजे जपानी माणूस, निदान कागदावर तरी, "नाही सांगत" म्हणून पुढे जाऊ शकतो. परदेशी माणसाला मात्र दुसरा कायदा लागू होतो, आणि त्यात कार्ड दाखवावंच लागतं. मग प्रश्न असा, की समोरचा माणूस परदेशी आहे हे पोलिसाला कार्ड बघण्याआधी कसं कळतं? तोंड बघून. दुसरा उपायच नाही. आणि तोंड भारतीय किंवा आफ्रिकी असलेला माणूस जपानी नागरिक असेल तर? त्याच्याकडे दाखवायला कार्डच नसतं, कारण जपानी माणसाला ते मिळतच नाही! जानेवारी २०२४मध्ये तिघांनी मिळून टोकियोच्या जिल्हा न्यायालयात सरकारवर दावा लावला, की आम्हाला केवळ वर्णावरून पुन्हापुन्हा अडवलं जातं. त्यात एक जण भारतीय वंशाचा आहे आणि एक पाकिस्तानात जन्मलेला जपानी नागरिक.

त्याआधी, २०२२ साली, टोकियोच्या वकील संघटनेनं परदेशी मूळ असलेल्या सुमारे २,१०० लोकांचं सर्वेक्षण केलं होतं. आदल्या पाच वर्षांत पोलिसांनी थांबवून चौकशी केली असं सांगणारे साधारण ६३ टक्के निघाले. ऑनलाईन सर्वेक्षण होतं, ज्याला अनुभव आला तोच हौसेनं भरणार, त्यामुळे आकडा जरा बेतानं घ्या. अर्ध्यावर आणला तरी मोठाच आहे.

आता या सगळ्याचा सरकारी इशाऱ्यांशी काय संबंध? डिसेंबर २०२१मध्ये टोकियोतल्या अमेरिकन वकिलातीनं ट्विटरवर आपल्या नागरिकांना एक इशारा दिला. जपानी पोलिस परदेशी लोकांना थांबवून झडती घेत असल्याच्या, आणि त्यात वर्ण बघितला जात असल्याचा संशय यावा अशा, तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत. ताब्यात घेतलं तर वकिलातीला कळवा अशी मागणी करा. बस, एवढंच. पण इथं खळबळ उडाली. जपानी सरकारच्या प्रवक्त्याला सांगावं लागलं, की आमचे पोलिस वंश किंवा राष्ट्रीयत्व बघून कुणाला थांबवत नाहीत. पुढच्या वर्षी पोलिस खात्यानं स्वतः चौकशी केली आणि २०२१ सालातली सहा प्रकरणं अयोग्य होती असं मान्य केलं. सहा म्हणजे समुद्रातला थेंब. पण शून्यावरून सहावर यायला दुसऱ्या देशाच्या वकिलातीचा एक इशारा लागला, हे विसरू नका. इथले परदेशी लोक हेच वर्षानुवर्षं सांगत होते, तेव्हा "गैरसमज झाला असेल" हेच उत्तर होतं.

असाच एक जुना प्रकार ग्रीसमधला. ऑगस्ट २०१२मध्ये अथेन्सच्या पोलिसांनी बेकायदा राहणाऱ्यांना शोधायची मोठी मोहीम काढली. नाव काय, तर 'झेनिओस झ्यूस'. झेनिओस म्हणजे पाहुण्यांचा रक्षणकर्ता, झ्यूस देवाचं हे एक रूप. थोडक्यात 'अतिथी देवो भव' असं नाव देऊन अतिथींची धरपकड! ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०१३मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे फेब्रुवारीपर्यंतच्या साडेसहा महिन्यांत जवळजवळ ८५,००० परदेशी माणसांना पोलिस ठाण्यात नेलं आणि त्यातले फार तर सहा टक्के बेकायदा निघाले. मी रोज ज्या प्रकारचं काम करतो त्या भाषेत सांगायचं तर शंभरातले चौऱ्याण्णव अलार्म खोटे. असलं मॉड्यूल आमच्याकडे कुणी टेस्टिंगला पाठवलं असतं तर त्याच दिवशी परत गेलं असतं. इथं मात्र ते चालू राहिलं, कारण खोट्या अलार्मची किंमत ज्याला मोजावी लागत होती त्याला तक्रार करायला खिडकीच नव्हती.

या चौऱ्याण्णवांत पर्यटकही होते. काळ्या अमेरिकन पाहुण्यांनाही उचललं गेलं, आणि नोव्हेंबर २०१२मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्यानं ग्रीसबद्दलच्या सूचनेत तसं स्पष्ट घातलं. आणि हो, मोहिमेच्या बाहेरचा असाच एक प्रसंग आपल्या माणसाचाही आहे. अथेन्सच्या एका विद्यापीठात पाहुणे म्हणून शिकवायला गेलेले एक भारतीय प्राध्यापक दुपारच्या जेवणाला बाहेर पडले. पासपोर्ट आत राहिला. पोलिसांनी बेड्या घालून ठाण्यात नेलं.

जेवायला जाताना कोण पासपोर्ट घेऊन जातं? अण्णा तर नक्कीच नेणार नाहीत.

इशारे फक्त अमेरिकाच देते असंही नाही. ॲरिझोना राज्यानं एप्रिल २०१०मध्ये पोलिसांना संशयावरून कागदपत्रं तपासायला लावणारा कायदा केला, तेव्हा चारच दिवसांत मेक्सिकोनं आपल्या लोकांना सावध केलं, की तिथं कुणालाही कारणाशिवाय अडवलं जाऊ शकतं हे धरून चाला. त्या कायद्याचा बराचसा भाग २०१२मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टानं उडवला, पण कागद तपासण्याचं कलम तेवढं राहिलं. २०१६मध्ये तर बहामासारख्या चिमुकल्या देशानं अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या तरुण मुलांना सांगितलं, की पोलिसांशी गाठ पडली तर विशेष जपून राहा, वाद घालू नका. अमेरिकेकडून बहामातल्या गुन्हेगारीबद्दल सूचना ऐकायची सवय असलेला देश उलट सूचना देत होता.

आपल्या परराष्ट्र खात्याचेही इशारे असतात. सप्टेंबर २०२२मध्ये कॅनडातल्या भारतीयांसाठी दिला होता, ऑगस्ट २०२५मध्ये आयर्लंडमध्ये भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा डब्लिनच्या दूतावासानं दिला. दोन्ही गरजेचे होते. पण दोन्ही रस्त्यावरच्या गुंडांबद्दल आणि द्वेषातून होणाऱ्या हल्ल्यांबद्दल. गणवेशातल्या माणसाबद्दल बोलायचं म्हटलं की सरकारं अडखळतात. समोरच्या सरकारला राग येईल, व्यापार आहे, करार आहेत, हे सगळं मला कळतं. तरी मला वाटतं, जो इशारा देणं सगळ्यात अवघड तोच प्रवाशाच्या सगळ्यात जास्त उपयोगाचा असतो. गल्लीतला चोर टाळायला अण्णांना कुणी शिकवायला नको. पोलिसापुढे काय करायचं हे त्यांना माहीत नाही, कारण आयुष्यभर त्यांना कुणी अडवलेलंच नाही.

आणि मला खरी भीती तीच आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात काय झालं ते आठवतंय? गुजरातहून एक सत्तावन्न वर्षांचे आजोबा नातवाला सांभाळायला मुलाकडे गेले होते. जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. सकाळी घराजवळच फिरायला बाहेर पडले. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला, की एक अनोळखी काळा माणूस फिरतोय. पोलिस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. "नो इंग्लिश", "इंडिया" एवढं म्हणत ते मुलाच्या घराकडे हात दाखवत होते. एका पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं. मणक्याला इजा झाली, शरीर अंशतः लुळं पडलं. राज्याच्या गव्हर्नरनी भारत सरकारची माफी मागितली. त्या पोलिसावर दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी २०१६मध्ये न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. नुकसानभरपाईचा दावा २०२१मध्ये साडेसतरा लाख डॉलरवर मिटला.

त्या आजोबांच्या खिशात ओरिजिनल पासपोर्ट असता तर? मला नाही वाटत काही फरक पडला असता. खिशात हात घालणंच अंगाशी आलं असतं कदाचित. इथं माझ्या यादीतला दुसरा मुद्दा लंगडा पडतो. "कागद जवळ ठेवा" ही सूचना असं गृहीत धरते, की अडचण कागदाची आहे. पोलिसाला तुम्ही कोण हे ठाऊक नाही, कागद दाखवला की कळेल, विषय संपला. पण पाच वेळा माझं कार्ड नियमात होतं. पाचही वेळा पुढच्या वेळी अडवायला त्याचा काही अडथळा झाला नाही. कागद फक्त प्रश्नाचं उत्तर देतो. प्रश्न कुणाला विचारायचा हे आधीच ठरलेलं असतं, आणि त्यावर कागदाचा काहीच इलाज चालत नाही.

हे सगळं मी अण्णांना फोनवर जरा तावातावानंच सांगितलं. जपान असं, ग्रीस तसं, अमेरिका तर विचारूच नका. अण्णा शांतपणे ऐकत होते. अण्णा एका साखर कारखान्याच्या गेटवर बत्तीस वर्षं नोकरीला होते. वॉचमन म्हणून लागले, सुरक्षा विभागाचे मुख्य म्हणून निवृत्त झाले. माझं झाल्यावर म्हणाले, "आमच्याकडं नियम होता. गेटमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची झडती. प्रत्येकाची म्हणजे प्रत्येकाची, बोर्डावर लिहिलेलं होतं."

"मग बरोबर आहे ना," मी म्हणालो. "सगळ्यांना एकच नियम."

"अरे, बोर्डावर होतं. ऊस टाकून परत निघालेल्या बैलगाडीवाल्याची गोणी रोज सोडायला लावायचो. त्यांच्या बायकांची गाठोडीसुद्धा. लहान पोरं रडायची थंडीत. आणि साहेबांच्या गाडीची डिकी बत्तीस वर्षांत एकदाही उघडली नाही मी." थोडं थांबून म्हणाले, "साखर गेली ती ट्रकनं गेली. गोणीतून नाही गेली कधी."

मला काय बोलावं सुचेना. पुण्यात असताना माझा रूममेट इंफाळचा होता. त्याला अडवून पासपोर्ट मागायचे लोक, तो आधार कार्ड काढून दाखवायचा, आणि संध्याकाळी तो हे सांगायला लागला की आम्ही बाकीचे तिघं हसायचो. त्यालाही हसवायचो. तेव्हा तो विनोद वाटला होता. जून २०२५मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि नंतर चूक कळल्यावर परत आणावं लागलं. ते भारतीय होते. बंगाली बोलत होते, गरीब होते, तेवढं पुरलं. परदेशी नसल्याचा पुरावा ज्याचा त्यानं द्यायचा, ही तरतूद आपल्या १९४६च्या कायद्यात होती आणि सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. आपल्याबद्दल कुठल्या देशानं कुठला इशारा दिला की आपण लगेच चिडतो, देशाची बदनामी म्हणतो. जपान्यांनाही २०२१मध्ये तसंच वाटलं होतं. तरी त्यातून सहा प्रकरणं बाहेर आली.

पोलिसांनी ओळख तपासूच नये असं माझं म्हणणं नाही. देश आहे, सीमा आहेत, तपासणी लागणारच. पण मग बोर्डावर लिहिलंय तशी करा. एक तर सगळ्यांची, नाहीतर ठोस कारण असेल त्याची, आणि ते कारण त्याला तोंडावर सांगा. किती जणांना थांबवलं आणि किती जणांकडे काही सापडलं याचा हिशोब दरवर्षी जाहीर करा. ज्या सरकारचे नागरिक तिथं जातात त्या सरकारनं तो हिशोब वाचून आपल्या माणसांना खरं काय ते सांगावं, भाषा कितीही गुळगुळीत वापरायची असली तरी. आणि आपल्याबद्दल कुणी सांगितलं तर चिडण्याआधी एकदा आपला हिशोब तपासावा.

असो. तोवर एप्रिल येतोय. मी एक कार्ड छापून घेतलंय. जपानीत लिहिलंय, की हे माझे वडील आहेत, यांना जपानी येत नाही, यांचा पासपोर्ट गळ्यातल्या पाकिटात आहे, कृपया या नंबरवर मला फोन करा. खाली भारतीय दूतावासाचा नंबर. परदेशात ताब्यात घेतलं तर आपल्या दूतावासाला कळवायला सांगायचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना करारानं दिलेला आहे. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गाजलं ते हेच कलम. अण्णांना ते जाधवांमुळे लगेच समजलं. "म्हणजे मागायचं, की आमच्या वकिलातीला कळवा," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

पासपोर्टचं मात्र अजून पूर्ण पटलेलं नाही. काल आईचा फोन आला होता. तिनं गळ्यात अडकवायची दोन पाकिटं शिवलीत, आतून प्लॅस्टिक लावून, पावसात भिजू नये म्हणून. एकात ओरिजिनल राहील. "आणि दुसऱ्यात?" मी विचारलं.

"झेरॉक्स," आई म्हणाली. "ते ऐकत नाहीत."